अंगणातला लोहगड

देहूरोडहून लोणावळ्याची गाडी धरली म्हणजे मळवलीच्या सुमारास डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर ही जोडी दिसते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावे लागलेल्या २३ किल्ल्यांत लोहगड होता. १६७० मध्ये तो परत मिळाला. ही सनावळी आम्ही पुढे पाठ केली. परंतु किल्ला म्हणजे काय, हे त्याआधीच कळले होते, दिवाळीच्या थंडीत अंगणात उकिडवे बसून.

दगडविटांचा ढीग, वर भिजवलेले गोणपाट, त्यावर कालवलेला चिखल. दरवाजा काडेपेटीचा, तळे करवंटीचे. मोहरी आणि अहळीव पेरण्याचा मान अगदी शेंबड्या पोरांचा. चारसहा दिवसांत डोंगर हिरवा होई! विंचूकाट्याची अरुंद सोंड मात्र दर वर्षी ढासळे. मग दोन्ही अंगांनी दगडाच्या चिपा बसवायच्या, आणि तट का बांधतात ते कोणी न सांगता उमगायचे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या १२ किल्ल्यांत हा लोहगडही आहे. बाजारात मात्र आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. सुबक असतात, नाही असे नाही. पण त्यांवर अहळीव रुजत नाही, आणि चार वर्षांच्या पोराला तेथे कामच उरत नाही.