शिवराई नाण्यांचा संग्रह आणि मूल्यनिश्चिती

शिवराई हे मराठा राज्यातील, हाताने ठोकून पाडलेले तांब्याचे नाणे होय. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी (६ जून १६७४) या नाण्याचा आरंभ जोडला जातो. मराठा सत्ता १८१८ मध्ये संपुष्टात आल्यानंतरही ते काही काळ महाराष्ट्रातील बाजारपेठांत फिरत राहिले. पुणे जिल्ह्यातील मावळ व लोणावळा परिसरात, तसेच देशावर अनेक ठिकाणी, जुन्या घरांच्या देवघरांत शिवराई आजही पूजेत आढळते. नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनांत व लिलावांत या नाण्यास सातत्याने मागणी असते. नाण्यावर शिवाजी महाराजांचे नाव असले, तरी त्यावरून ते नाणे शिवकालीन ठरत नाही. मूल्यनिश्चितीतील बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून उद्भवतात.

== स्वरूप ==

शिवराईच्या दर्शनी बाजूवर तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि मागील बाजूवर दोन ओळींत ‘छत्र / पति’ अशी देवनागरी अक्षरे असतात. दोन्ही बाजूंस कडेने ठिपक्यांचे वर्तुळ असते. नाणे साधारण दोन सेंटिमीटर व्यासाचे व जाड असते. आरंभीच्या पूर्ण शिवराईचे वजन बहुधा ११ ते १३ ग्रॅमच्या दरम्यान भरते, तर उत्तरकालीन नाणी सामान्यतः हलकी असतात. अर्धी शिवराई व पाव शिवराई हे लहान प्रकारही आढळतात.

याच मजकुराचे सोन्याचे नाणे ‘शिवराई होन’ म्हणून ओळखले जाते. त्याचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते व ते अत्यंत दुर्मीळ आहे. ‘श्री राजा शंभु’ व ‘श्री राजा राम’ असा मजकूर असलेली तांब्याची नाणीही उपलब्ध असून ती सामान्य शिवराईपेक्षा कमी संख्येने सापडतात.

पेशवाईत पुण्यास पाडल्या जाणाऱ्या ‘अंकुशी’ रुपयावर फारसी मजकूर व मोगल बादशहाचे नाव असे. रुपया बादशहाच्या नावाने आणि पैसा शिवछत्रपतींच्या नावाने, अशी ही व्यवस्था होती. सामान्य माणसाच्या हाती रोज येणारे नाणे देवनागरीत होते, हे शिवराईचे वैशिष्ट्य होय.

== पाडण्याची पद्धत ==

यंत्रापूर्वीच्या काळात जगभर नाणी हातानेच पाडली जात. तांब्याच्या तुकड्याचे वजन करून त्याची चकती घडविली जाई. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसविलेला असे. त्यावर चकती ठेवून कारागीर वरचा ठसा हातात धरी व त्यावर घणाचा घाव घाली. या पद्धतीमुळे पुढील लक्षणे निर्माण होतात :

* ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यास अक्षरांचा काही भाग नाण्याबाहेर राहतो.
* घाव तिरका बसल्यास एका बाजूची अक्षरे उठावदार व दुसऱ्या बाजूची अस्पष्ट उमटतात.
* चकती सरकून दुसरा घाव बसल्यास अक्षरे दुहेरी दिसतात.
* नाण्याची कड असमान राहते व तिला चिरा पडतात.

ही लक्षणे म्हणजे नाण्यातील दोष नव्हेत. हाताने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. मात्र एकाच ठशातून निघालेल्या नाण्यांत अक्षरांचे वळण व ठिपक्यांची मांडणी सारखीच असते. त्यामुळे अभ्यासक नाण्यांची तुलना करून ठशांची साखळी जुळवितात.

इंग्लंडमध्ये ही पद्धत १६६२ मध्ये थांबली व जुनी हाताने पाडलेली नाणी १६९६ मध्ये सुरू झालेल्या पुनर्टंकनात चलनातून बाद झाली. त्यांची कड कातरून चांदी चोरण्याचा प्रकार तेथे फार बोकाळला होता. तांब्याच्या शिवराईबाबत असा लोभ नव्हता, मात्र चांदीच्या रुपयाबाबत महाराष्ट्रातही सराफ व पोतदार प्रत्येक नाणे पारखून घेत. घसलेल्या वा हिणकस नाण्याची किंमत कमी धरली जाई व या कपातीस ‘बट्टा’ म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार त्याच व्यवहारातील आहे.

राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर उपस्थित होता. कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत, अशी मागणी त्याच्या वाटाघाटींत होती. प्रजेवर परकीय नाणे लादता येणार नाही, ते आपल्या वजनाने व कसाने चालेल तेवढे चालेल, असे धोरण महाराजांनी ठेवले. कंपनीस मुंबईत नाणी पाडण्याची राजाची सनद १६७६ मध्ये मिळाली.

== काळ ठरविण्यातील अडचण ==

शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई त्यांच्या निधनानंतर (१६८०) थांबली नाही. उत्तरकालीन छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळात अनेक टांकसाळींतून तोच मजकूर चालू राहिला. मावळच्या पूर्वेस असलेल्या चिंचवड येथेही पेशवाईत टांकसाळ होती. बहुतेक शिवरायांवर सन किंवा टांकसाळीचे नाव नसते. त्यामुळे काळाचा अंदाज पुढील गोष्टींवरून बांधावा लागतो :

* अक्षरांचे वळण : ‘शिव’ व ‘सिव’, ‘पति’ व ‘पती’ असे लेखनभेद आढळतात. ‘श्री’ व ‘छ’ यांची घडणही बदलत जाते.
* वजन : जड नाणी सामान्यतः आधीची मानली जातात, परंतु केवळ वजनावरून निर्णय करता येत नाही.
* चिन्हे : त्रिशूळ, बेलपान, सूर्य, चंद्र, तारा अशी चिन्हे काही प्रकारांत दिसतात.
* दांडी : मागील बाजूच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असल्यास त्या नाण्यास ‘दुदांडी शिवराई’ म्हणतात. हा उत्तर पेशवाईतील प्रकार असून बाजारात तोच सर्वाधिक आढळतो.
* सापडण्याचे ठिकाण : नाणे कोठे व कोणत्या नाण्यांबरोबर सापडले, ही माहिती उपलब्ध असल्यास ती सर्वांत मोलाची ठरते.

== मावळ परिसर आणि नाणी ==

कोकणातील बंदरांना देशाशी जोडणारा बोरघाट मावळातूनच जातो. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना व राजमाची हे किल्ले या वाटांवर नजर ठेवीत. १६६४ च्या सुरत मोहिमेतील संपत्ती लोहगडावर आणली गेल्याचे सांगितले जाते. उत्तर पेशवाईत नाना फडणवीसांनीही आपली संपत्ती याच गडावर ठेवली होती. मार्च १८१८ मध्ये लोहगड व विसापूर इंग्रजांच्या ताब्यात गेले.

या इतिहासामुळे गडांवर गुप्तधन असल्याच्या कथा प्रचलित झाल्या व त्या आशेने बेकायदा खोदकामे होऊ लागली. अशा खोदकामात हाती लागणारे नाणे आपली माहिती गमावून बसते. एकत्र सापडलेला साठा त्याच स्थितीत राहिला तर काय निष्पन्न होते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे मिळते. तेथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. मावळातील कार्ले लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव भिक्षूंना दिल्याचा लेख आहे. त्याच गावाविषयी सातवाहनांनी पुढे ‘मामाल’ येथील अमात्यास पाठविलेल्या आज्ञेचा लेखही तेथेच आहे. ‘मामाल’ हे मावळचे प्राचीन नाव मानले जाते. लेण्यातील लेख आणि जोगळटेंभीची नाणी एकत्र ठेवल्यावर सत्तांतराचा पुरावा पूर्ण होतो. तो साठा सुटा विकला गेला असता, तर हे प्रमाण कधीच कळले नसते.

== मूल्य ठरविणारे घटक ==

नाण्याचे वय हा मूल्याचा एक घटक आहे, एकमेव नव्हे. हजारोंच्या संख्येने उपलब्ध असलेले दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे दोनशे वर्षांपूर्वीच्या दुर्मीळ नाण्याहून स्वस्त असू शकते. संग्राहक पुढील बाबी पाहतात :

# '''अस्सलपणा :''' हा पहिला निकष होय. तो सिद्ध न झाल्यास पुढील निकष निरर्थक ठरतात.
# '''दुर्मिळता :''' साधी दुदांडी शिवराई सहसा काही शे रुपयांत मिळते. दुर्मीळ मजकुराच्या, चिन्हाच्या किंवा प्रारंभीच्या ठशाच्या नाण्यास अनेक पटींनी अधिक किंमत येते.
# '''मजकुराची पूर्णता :''' सर्व अक्षरे व ठिपक्यांचे वर्तुळ चकतीवर उमटलेले असल्यास किंमत वाढते.
# '''स्थिती :''' लिलावाच्या सूचीत ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ असे चढते दर्जे देतात. हातठशाच्या नाण्यात मुळातच अस्पष्ट उमटणे आणि वापराने झिजणे यांत फरक करावा लागतो.
# '''पृष्ठभाग :''' तांब्यावर काळाने चढलेला तपकिरी किंवा हिरवट एकसंध थर हे गुणलक्षण मानतात.
# '''पूर्वेतिहास :''' पूर्वीच्या संग्राहकाची नोंद, जुन्या लिलावाची सूची किंवा ग्रंथात छापलेले छायाचित्र असल्यास विश्वास व किंमत दोन्ही वाढतात.

== लिलाव ==

भारतात मुंबई, बंगळूर, अहमदाबाद आदी शहरांत नाण्यांचे नियमित लिलाव होतात. लिलावगृह प्रत्येक नाण्यास क्रमांक देऊन छायाचित्र, वजन, वर्णन, दर्जा व अंदाजित किंमत यांसह सूची प्रसिद्ध करते. मालकाने ठरविलेल्या किमान किमतीपर्यंत बोली न पोहोचल्यास नाणे विकले जात नाही. विजेत्यास अंतिम बोलीवर लिलावगृहाचे शुल्क व कर भरावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष खर्च बोलीपेक्षा अधिक असतो.

अंदाजित किंमत हे केवळ अनुमान असते. खरे मोजमाप म्हणजे त्याच प्रकारच्या व दर्जाच्या नाण्यांना मागील काही लिलावांत मिळालेल्या किमती होत. दोन संग्राहकांच्या चुरशीमुळे एखादी बोली अवास्तव चढू शकते. म्हणून एकाच विक्रीवरून भाव ठरविणे योग्य मानले जात नाही.

जुन्या नाण्यास लाखो रुपये मिळवून देण्याच्या जाहिराती समाजमाध्यमांवर वारंवार दिसतात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागून केल्या जाणाऱ्या अशा फसवणुकीविषयी बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँक अशा व्यवहारांत सहभागी नसते व त्यासाठी कोणासही अधिकार देत नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे.

== बनावट नाणी ==

शिवराई होनाच्या बनावट प्रती मोठ्या प्रमाणावर आढळतात. तांब्याच्या नाण्यांतही बनावट माल येतो. त्याचे प्रमुख प्रकार असे :

* ओतीव नाणी : अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली. कडेला सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे व बोथट अक्षरे ही त्यांची खूण होय.
* नव्या ठशाची नाणी : अनेक नाणी हुबेहूब एकसारखी असणे संशयास्पद ठरते.
* कोरीव फेरफार : सामान्य नाण्याची अक्षरे कोरून दुर्मीळ मजकूर तयार करणे.
* स्मरणिका : विक्रीसाठी केलेल्या पितळी किंवा मुलामा दिलेल्या प्रतिकृती. पुढे त्या जुन्या म्हणून विकल्या जातात.

तपासणीसाठी भिंग, एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा व प्रकाशित सूचीतील छायाचित्रे एवढी साधने प्राथमिक पातळीवर पुरेशी असतात.

== जतन ==

चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची भुकटी लावून नाणे उजळविल्यास वरचा थर जाऊन अक्षरांच्या कडा झिजतात. ही हानी भरून काढता येत नाही व नाण्याचे मूल्य घटते. देवघरातील नाणी वर्षानुवर्षे घासल्यामुळे अनेकदा गुळगुळीत झालेली असतात. लोणावळ्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात दमट हवेमुळे तांब्यावर फिकट हिरवी भुकटी धरते. ती पसरत जाऊन धातू पोखरते. म्हणून नाणी कोरड्या जागी, सिलिका जेलसह व स्वतंत्र पाकिटांत ठेवतात. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे मात्र तांब्यास अपायकारक असतात.

== कायदेशीर तरतुदी ==

* भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ : जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. माहिती दडविणारा आपला हक्क गमावतो व त्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निधी बेवारस ठरल्यास व जागेच्या मालकीविषयी वाद नसल्यास शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागामालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. शासनास निधी हवा असल्यास धातूचे मूल्य व त्याचा एक पंचमांश एवढी रक्कम देऊन तो घेता येतो.
* पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ : १०० वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात. खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पुरावशेषांच्या व्यापारासाठी परवाना लागतो.
* प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ : लोहगड, विसापूर व कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी संरक्षित आहेत. तेथे परवान्याविना उत्खनन करता येत नाही. लोहगडाचा जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या जागतिक वारसा स्थळात समावेश झाला.

== अभ्यासाची साधने ==

पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०), मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय, तसेच नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था ही अभ्यासाची प्रमुख केंद्रे होत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठा राज्यातील चलन व टांकसाळींवर लिहिलेला निबंध या विषयातील आरंभीच्या लेखनांत गणला जातो. घरात शिवराई असल्यास तिचे वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे व ती कोणाकडून, कोणत्या गावातून आली याची नोंद करून ठेवणे उपयुक्त ठरते. सन नसलेल्या नाण्यास इतिहासात स्थान मिळवून देण्यास अशी नोंद साहाय्यभूत होते.

== हेही पाहा ==

* होन
* अंकुशी रुपया
* लोहगड
* कार्ले लेणी
* जोगळटेंभी
* नाणेशास्त्र