गावठी दारूने डोळे का जातात? मिथेनॉल शरीरात नेमकं काय करतं?

मुंबईत मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये गावठी दारू पिऊन १०० हून अधिक लोकांचा जीव गेला. जून २०२४ मध्ये तामिळनाडूतल्या कल्लकुरिचीत ६० हून अधिक लोक दगावले. दोन्हीकडे दारूत मिथेनॉल होतं.

हे मिथेनॉल येतं कुठून?

हातभट्टीवर काळा गूळ आणि नवसागर पाण्यात घालून आंबवतात. छाप्यांच्या बातम्यांमध्ये 'कच्चं रसायन' म्हणतात ते हेच. ते उकळून वाफ थंड केली की दारू मिळते. गूळ आंबवताना मिथेनॉल जवळपास तयारच होत नाही. फळांमधल्या पेक्टिनपासून थोडं होतं, पण त्याने वस्तीच्या वस्ती आजारी पडत नाही. त्यामुळे एका रात्रीत इतके बळी जातात, तेव्हा बहुतेक वेळा भट्टीत काही बिघडलेलं नसतं. कुणीतरी वरून औद्योगिक मिथेनॉल ओतलेलं असतं. ते स्वस्त असतं, चढतं आणि दिसायला-वासाला साध्या स्पिरिटसारखंच असतं. भट्टी लावून पकडलं जाण्यापेक्षा त्यात पाणी मिसळून विकणं सोपं.

पहिली धार फेकली की धोका टळतो, असाही एक समज आहे. मिथेनॉल ६५ अंशांना आणि इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणून तो पटतोही. पण पाण्याबरोबरच्या मिश्रणात मिथेनॉल इतक्या शिस्तीत आधी निघून जात नाही, ते पुढच्या धारेतही येत राहतं. आणि तयार दारूत ओतलेल्या मिथेनॉलचा धारेशी संबंधच नसतो.

पोटात गेल्यावर काय होतं?

मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नसतं. यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड बनवतं. हे ॲसिड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. डोळ्यांच्या नसेला त्याचा फटका सर्वात आधी बसतो. रक्तातलं आम्ल वाढतं आणि श्वास जोरजोरात चालू लागतो. साधारण १० मिली शुद्ध मिथेनॉलनेही कायमचं अंधत्व येऊ शकतं.

या सगळ्याला १२ ते २४ तास लागतात. तोवर माणूस घरी येऊन झोपलेला असतो. सकाळी डोकं दुखतं, उलट्या होतात, पोटात कळा येतात. रात्रीची उतरली नाही असं समजून तो 'उतारा' म्हणून त्याच अड्ड्यावरची आणखी घेतो. डोळ्यांपुढे पांढरं धुकं दिसू लागतं, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

ताडीचं प्रकरण वेगळं आहे. ताज्या नीरेची काही तासांत आपोआप ताडी होते. पण झाडं कमी आणि मागणी जास्त, म्हणून पाण्यात क्लोरल हायड्रेट मिसळून बनावट ताडी विकली जाते. हे गुंगीचं औषध आहे. प्रमाण चुकलं तर श्वास मंदावतो, आणि रोजची सवय लागल्यावर अचानक बंद केलं तर झटके येऊ शकतात.

उपचार काय?

मिथेनॉलवर उपचार आहेत. फोमेपिझोल हे औषध, किंवा ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेलं इथेनॉल, यकृताला फॉर्मिक ॲसिड बनवण्यापासून रोखतं. डायलिसिसने विष रक्तातून काढता येतं. घरी दारू पाजणं हा मात्र उपाय नाही. पोलिसांच्या भीतीने अनेक जण काय प्यायलो हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि तासन् तास वाया जातात. उरलेली दारू सोबत न्यावी. त्याच अड्ड्यावर प्यायलेल्या बाकीच्यांनाही, काही त्रास होत नसला तरी, लगेच रुग्णालयात न्यावं.