गुत्ता आणि कंत्राट

पुण्यामुंबईचा पाहुणा नांदेडास आला आणि 'शेजारी मोठे गुत्तेदार राहतात' असे त्याच्या कानी पडले, की तो जरा दचकतो. त्याच्या लेखी गुत्ता म्हणजे दारूचे दुकान. आमच्याकडे गुत्ता म्हणजे काम ठरवून अंगावर घेणे, आणि गुत्तेदार म्हणजे पूल, रस्ते, शाळा बांधणारा प्रतिष्ठित गृहस्थ. शब्द एकच. दारूविक्रीचा हक्क सरकार मक्त्याने देई. मक्त्याचे नाव तिकडे दुकानाला चिकटले, इतकेच.

तेलुगूत गुत्तेदारु, कानडीत गुत्तिगेदार. नांदेडची वेस तेलंगणाकडे उघडते, लातूरची बीदरकडे. शब्दाला येथे परकेपणा कसा वाटावा? निजामी राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चाले आणि बांधकाम खात्याला 'तामीरात' म्हणत. पण गवंड्याच्या तोंडी गुत्ताच राहिला. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पोर्तुगीजांच्या शब्दावरून किनाऱ्याकडे घडलेले 'कंत्राट' कचेऱ्यांच्या कागदांवर बसले. मागोमाग निविदा, बयाणा रक्कम, कार्यारंभ आदेश ही मंडळी आली. बी-१ म्हणजे अंदाजपत्रकाहून इतके टक्के कमी वा जास्त. बी-२ म्हणजे कलमवार दर.

घरगुती बांधकामाची बोली मात्र निराळीच. तेथे काम उक्ते किंवा गुत्त्याने द्यायचे. बयाणा रकमेच्या जागी विसार, हप्त्याच्या जागी उचल. माल मालकाचा, मजुरी मिस्त्रीची. चौकट बसली की इतके, स्लॅब पडला की इतके. वाढीव काम निघाले तर ओट्यावर बसून चहाबरोबर मिटवायचे.

हा भेद नुसत्या शब्दांचा असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. १८७२ चा करार कायदा १९५१ साली हैदराबाद संस्थानच्या मुलखालाही लागू झाला. त्याप्रमाणे दोन माणसांचा तोंडी करारही करारच. परंतु राज्यघटनेच्या २९९ व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावे, लेखी, आणि अधिकार असलेल्याच्या सहीने व्हावा लागतो. 'साहेब म्हणाले' याला तेथे किंमत नाही.

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने पहिलेच सरकारी काम घेतले. खोल्या झाल्यावर साहेब म्हणाले, 'पुढे व्हरांडाही काढ.' त्याने काढला. मोजमाप पुस्तकात खोल्या होत्या, व्हरांडा नव्हता. पोरे आजही त्या सावलीत बसतात. त्याने मात्र बायकोच्या पाटल्या मोडल्या. पश्चिम बंगालमधल्या अशाच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितले, की करार ठरला नाही तरी केलेल्या कामाचा लाभ सरकारने घेतला, तर मोबदला दिला पाहिजे. पण तेथवर जाण्याचे बळ मिस्त्रीपाशी कोठले?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दोन्ही बोली एका अंगणात आल्या. बावन्न गावे नव्या जागी कंत्राटाने उभी राहिली. जेथे पडझड कमी होती तेथे घरधन्यानेच दुरुस्ती करायची, आणि अभियंत्याने काम पाहिले की सरकारचा पुढला हप्ता सुटायचा. मोजून, लिहून, सही करून पैसे घेणे अनेक घरांनी तेव्हा प्रथमच अनुभवले.

गुत्त्यात शब्दाला मान असतो, कंत्राटात सहीला. आम्ही मुलांना पत्रलेखन शिकवतो, निबंध शिकवतो. वाढीव कामाचा हुकूम लेखी कसा मागावा, हे कोणत्याच इयत्तेत नाही.