गाडी पुसण्याचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळी सहाच्या सुमाराला आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात एक ठरलेला कार्यक्रम चालू असतो. एक मुलगा, एक बादली, एक फडकं आणि पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीच्या वेळी बादलीतलं पाणी स्वच्छ असतं, सातव्या-आठव्या गाडीपर्यंत त्याचा चहा झालेला असतो. तासाभरानं मालक खाली उतरतात, गाडी चकचकीत दिसते, सगळे खूश. पण एखाद्या दिवशी उन्हात गाडीच्या बॉनेटकडे जरा तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक गोल रेघा दिसतील. त्या धुळीनं पडलेल्या नाहीत, पुसण्यानं पडल्या आहेत. धूळ नुसती बसलेली असते तोवर ती रंगाचं फारसं काही बिघडवत नाही. तिच्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. फडकं फिरलं की त्याच धुळीचा पॉलिश पेपर होतो.

आज मला बोलायचंय ते गाडीचा रंग जपण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या खटपटीबद्दल. विशेषतः स्पोर्ट्‌स कारच्या, कारण ही गाडी मोठी विचित्र वस्तू आहे. पळवायला म्हणून घेतात आणि तिचं बहुतेक आयुष्य गॅरेजात, चादरीखाली जातं.

सुरुवात मोटारीच्याही आधीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात युरोपात बग्ग्या रंगवणं हा मोठ्या हातोटीचा धंदा होता. जवसाचं तेल आणि झाडांचे राळ यांपासून केलेलं व्हार्निश ब्रशनं, थरावर थर असं चढवायचं. प्रत्येक थर वाळायचा, मग घासायचा, मग पुढचा. एक बग्गी तयार व्हायला काही आठवडे सहज लागत. इतक्या कष्टानं केलेला रंग टिकवण्याची काळजीही तशीच. त्या काळच्या बग्गीवाल्यांच्या पुस्तकांत एक सूचना हमखास असे: बग्गी घोड्यांच्या तबेल्याला लागून ठेवू नका. तबेल्यातल्या अमोनियाच्या वाफेनं व्हार्निशची चमक जाते, त्याला तडे पडतात. दुसरी सूचना अशी की चिखल वाळू देऊ नका आणि वाळलाच तर कोरडा घासू नका. भरपूर पाणी सोडा, तो भिजून आपोआप सुटू द्या, मग स्पंज लावा आणि शेवटी शॅमॉय चामड्यानं पाणी टिपून घ्या. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या सईसाला जे ठाऊक होतं ते आपण विसरलो, असं म्हणायला हरकत नाही.

मोटारी आल्या त्याही याच व्हार्निशनं रंगवलेल्या. इंजिन आणि सांगाडा झपाट्यानं तयार व्हायचा आणि रंग वाळेपर्यंत गाड्या कारखान्यात अडून बसायच्या. हेन्री फोर्ड यांनी १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगातच विकली, हे आपण ऐकलेलं असतं. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि सगळीकडे एकच रंग म्हणजे कारखान्याचं काम सोपं.

ही कोंडी फुटली ती एका स्फोटक पदार्थाच्या भावकीतून. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बंदुकीच्या दारूतला कापूस. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीनं तो प्रचंड प्रमाणात बनवला होता. युद्धानंतर त्याच घराण्यातून एक पातळ, फवारता येणारा आणि काही तासांत वाळणारा रंग तिनं तयार केला. १९२३ साली तो बाजारात आला, नाव ड्यूको. जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीवर १९२४च्या मॉडेलसाठी तो निळ्या छटेत वापरला गेला आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. हे नाव ओळखीचं वाटलं असेल ना? आपल्याकडे सुतार आजही ‘कपाटाला ड्यूको करून देतो’ म्हणतात, तो हाच शब्द. कंपनीचं नाव कधीच गळून पडलं, रंगाचं राहिलं.

त्यानंतर रंगांची रेलचेलच झाली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतून ड्यूसेनबर्गचा सांगाडा मागवला आणि त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनी बॉडी बांधून घेतली. केशरी आणि काळी. दहा वर्षांपूर्वी अशी गाडी करायची म्हटलं असतं, तर रंगाऱ्यानंच हात जोडले असते.

पण ड्यूकोच्या जातीच्या रंगाची एक खोड होती. फवारल्यावर तो मंद दिसतो. चमक हवी तर घासावा लागतो, आणि ऊन-वाऱ्यात काही महिन्यांत तो पुन्हा मंद पडतो. मग पुन्हा घासा. इथून घरोघरी रविवारची पॉलिशची पूजा सुरू झाली. शिकागोत १९१० साली सिमोनाइझ सुरू झाली होती, तिचा या काळात मोठा बोलबाला झाला. मेणांमध्ये राजा मानला गेला तो कार्नोबा. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशातल्या एका ताडाच्या पानांवर तो साचतो. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडानं केलेली ही सोय. साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला तो वितळतो, त्यामुळे उन्हात तापलेल्या पत्र्यावरही टिकून राहतो. मेण निरुपद्रवी, ते नुसतं वर बसतं. पॉलिश मात्र खरवडतं. हा फरक डब्यावर लिहिलेला असे, पण डबा कोण वाचतो!

माझ्या काकांनी वाचला नव्हता. कोल्हापूरला त्यांच्याकडे स्टँडर्ड हेरल्ड होती, निळी. मद्रासला बनणारी ही गाडी काही स्पोर्ट्‌स कार नव्हे. पण हेरल्डच्याच सांगाड्यावरून इंग्लंडात १९६२ साली ट्रायंफ स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्‌स कार निघाली, एवढ्या नात्यावर काका आपल्या गाडीला स्पोर्ट्‌स कारच समजत. दर रविवारी अंघोळीच्या आधी पॉलिश. मला फडकं धरायला बोलवायचे. ‘बघतोयस काय? हात लाव की!’ पुसून झाल्यावर फडक्यावर निळा डाग यायचा आणि काका तो अभिमानानं दाखवायचे, ‘बघ, मळ कसा निघाला.’ तो मळ नव्हता, रंग होता. पाच-सहा वर्षांत पंख्यांच्या कडांवर, जिथं पत्र्याला धार असते तिथं, खालचा करडा प्रायमर दिसायला लागला. रोजच्या अभिषेकानं दगडी मूर्तीचे नाक-डोळे झिजतात, तसंच हे. दोन्हीकडे हात प्रेमाचाच असतो.

पुढं एका पावसाळ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गॅरेज जरा गळत होतं, म्हणून गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली. पाणी वरून आलं नाही हे खरं, पण आतली दमट हवा बाहेरही गेली नाही. रात्री पत्रा गार पडला की आतल्या बाजूला दव धरायचं. दसऱ्याला ताडपत्री काढली तर बॉनेटभर देवीच्या फोडांसारखे बारीक फोड. रंगाचा थर आपल्याला अभेद्य वाटतो, तसा तो नसतो. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जाते. खाली क्षारांचे कण राहिले असले, साधा घामाच्या बोटाचा ठसासुद्धा, तर ते पाणी ओढून घेतात आणि रंग फुगतो. फोडाखाली गंज सुरू झालेला असतो. वाचवायला घातलेल्या पांघरुणानंच घात केला होता.

पांघरूण आणि छप्पर यांचा हिशेब केवढा मोठा असू शकतो, त्याचं उदाहरण २०१४ साली पश्चिम फ्रान्समध्ये सापडलं. रोजे बायाँ या वाहतूक व्यावसायिकानं १९५०च्या दशकापासून जुन्या गाड्या जमवल्या होत्या. संग्रहालय काढायचं होतं. १९७०च्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकल्या गेल्या आणि उरलेल्या साठेक तशाच पडून राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली होत्या. टाल्बो-लागोसारख्या एके काळच्या दिमाखदार गाड्यांची तिथं चाळण झाली, त्यांवर वेली चढल्या. एक फेरारी मात्र बंद गॅरेजात होती. १९६१ची २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, एके काळी नट आलँ दलाँ यांच्याकडे असलेली. तिच्यावर धड कव्हरही नव्हतं, जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसला लिलाव झाला, तेव्हा ती शुल्कासह सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. गंमत म्हणजे लिलावकर्त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली नव्हती. तशीच मांडली. त्यांना बहुधा आपल्या काकांपेक्षा फडक्याची जास्त भीती वाटत असावी.

पैशाचा भाग सोडा, त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. कारखान्यातला मूळ रंग एकदाच लागतो. नंतर कितीही उत्तम रंगारी आणला तरी तो दुसरा रंग. म्हणून जगभर आता जाणकार गाडी ‘नव्यासारखी’ करण्यापेक्षा मूळ रंग आहे तसा ठेवायला बघतात. आपल्या सरकारनंही २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, त्यांत पन्नास वर्षांपेक्षा जुनं आणि मूळ स्वरूपात राखलेलं वाहन, अशीच अट आहे.

आजच्या गाड्यांवर तर जपण्यासारखं फारच थोडं असतं. १९८०च्या दशकापासून रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत रूढ झाली. फडक्याला आता रंग लागत नाही, त्यामुळे आपण काही खरवडतोय हे कळतही नाही. हा वरचा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. ऊन अडवणारी द्रव्यं त्यातच असतात. मशीन लावून रेघा ‘घालवतात’ तेव्हा रेघा जात नाहीत, रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर काढून टाकलेला असतो. असं किती वेळा करता येईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग गॅरेजातल्या गाडीचं करायचं काय? खरं तर थोडंच. कव्हर हवं ते आतून मऊ आणि हवा खेळती ठेवणारं, सुती किंवा तशाच विणीचं, प्लॅस्टिकचं नव्हे. ते धुतलेल्या, पूर्ण कोरड्या गाडीवरच घालायचं. धुळीच्या गाडीवर घातलं आणि ओढलं की सकाळच्या फडक्याचंच काम ते करतं. काढताना फरफटत न ओढता दोन्ही बाजूंनी वर घेऊन आत दुमडत जायचं, म्हणजे वरची धूळ घडीत अडकते. कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू धूळ नसून दमट हवा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखता आली तर गंजाला जोर राहत नाही, पण जुलैत ते यंत्राशिवाय जमत नाही. निदान खिडकी उघडी ठेवा आणि पावसाची उघडीप मिळाली की चादर काढून गाडीला वारा लागू द्या.

धुताना दोन बादल्या घ्या, एक साबणाच्या पाण्याची, एक फडकं खळबळायची. आधी नुसतं पाणी सोडा. फडकं मायक्रोफायबरचं चांगलं. या अतिसूक्ष्म धाग्याचा शोध १९७०च्या सुमाराला जपानमध्ये तोरे कंपनीत लागला, आणि तो कण धाग्यांत ओढून घेतो. पण तेच फडकं जमिनीवर पडलं, तर ते पुन्हा गाडीला लावू नका. पक्ष्याची शीट दिसली तर मात्र रविवारची वाट बघू नका, ओलं कापड ठेवून भिजवा आणि उचलून घ्या. आणि कोरड्या गाडीवर झटकणी फिरवायची सवय असेल, तर ती आजच मोडा. हे मी जरा हट्टानं सांगतोय.

काकांची हेरल्ड पुढं विकली. घ्यायला आलेले गृहस्थ इंजिनाकडे न बघता थेट मागं गेले आणि त्यांनी डिकी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं काकांचं फडकं कधी पोचलं नव्हतं, मद्रासहून आला तेव्हाचा गर्द निळा रंग तसाच होता. काका तो पहिल्यांदाच बघत होते.