झिरो-कॉपीची अट
* लेखकाने येथे ‘झिरो-कॉपी’चा वेग सांगितला आहे, त्यामागची अट मात्र सांगितलेली नाही. लिनक्सच्या व्हीहोस्ट-नेट ड्रायव्हरमध्ये ही सोय चालू असली, की व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर जाणारा डेटा कर्नलच्या बफरमध्ये उतरवला जात नाही. नेटवर्क कार्ड तो थेट त्या मशीनच्या मेमरीतून उचलते. कार्डाचे वाचन संपेपर्यंत ती पेजेस जागची हलता कामा नयेत, म्हणून ड्रायव्हर ती पिन करून ठेवतो. हा खटाटोप लहान पॅकेटसाठी परवडत नाही. २५६ बाइटपेक्षा लहान पॅकेट ड्रायव्हर सरळ कॉपीच करतो. शिवाय वाटेत कुठे पॅकेट अडकले, की त्याची पेजेसही अडकून पडतात. २०१९मध्ये ही सोय मूळ सेटिंगमध्ये बंद करण्यात आली, आणि तो निर्णय योग्यच होता. — संपादक