अढळ ध्रुव, चंचल ध्रुवण

ध्रुव म्हटलं की आपल्याला अढळपद आठवतं. संस्कृतात ‘ध्रुव’ म्हणजे स्थिर, पक्का. तारा जागचा हलताना दिसत नाही म्हणून ध्रुवतारा; गाण्यात तीच ओळ ठरल्या जागी परत येते म्हणून ध्रुवपद, त्याचंच पुढे धृपद झालं. फिरत्या पृथ्वीच्या पाठीवर जागचे न हलणारे बिंदू दोनच, म्हणून तेही ध्रुव. ‘पोल’ला ध्रुव हा प्रतिशब्द रुळल्यावर ‘पोलरायझेशन’चं ‘ध्रुवण’ होणं ओघानंच आलं.

‘पोल’चं मूळ मात्र वेगळंच काही सांगतं. ग्रीक ‘पोलोस’ म्हणजे ज्याभोवती आकाश फिरतं तो आस. ‘फिरणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून तो आला, त्याच धातूपासून आपलं ‘चक्र’ही आलं आहे. ग्रीकांनी नाव दिलं ते फिरण्यावरून, आपण दिलं ते न हलण्यावरून.

प्रकाशाला ‘पोलरायझेशन’ हा शब्द चिकटला तो एका चुकीच्या कल्पनेपायी. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालुस हा अभियंता लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं ऊन आइसलँड स्पारच्या स्फटिकातून पाहत होता. हा पारदर्शक स्फटिक एका वस्तूच्या दोन प्रतिमा दाखवतो. तो फिरवावा तशी एक प्रतिमा फिकी पडे, दुसरी उजळे. मालुस न्यूटनच्या कणवादाचा पुरस्कर्ता होता. प्रकाशाच्या कणांना चुंबकासारखे ध्रुव असतात आणि परावर्तनानं ते एका दिशेला लागतात, असा त्यानं अर्थ लावला आणि १८११मध्ये हा शब्द घडवला. पुढे दहाएक वर्षांत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलनं प्रकाश हा अवतरंग, म्हणजे पुढे जाण्याच्या दिशेला काटकोनात कंप पावणारा तरंग, असल्याचं मांडलं. ध्रुव वगैरे काही नव्हतंच. होती ती कंपनाची दिशा. कल्पना गेली, शब्द राहिला.

ऑप्टिकल फायबरमध्ये तर ‘ध्रुवण’ या शब्दाची खरी परीक्षा होते. एकमार्गी (सिंगल-मोड) तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. तो अचूक गोल असेल तर कंपनाच्या सगळ्या दिशा त्याला सारख्याच. पण केबल वाकते, दबते, उन्हानं तापते. काचेत ताण येतो आणि परस्परांना काटकोनात असलेली दोन कंपनं किंचित वेगळ्या वेगानं धावू लागतात. आत शिरताना असलेलं ध्रुवण बाहेर पडताना तेच राहील याची मग खात्री नाही. ‘तंतू’ आणि ‘ताण’ हे दोन्ही शब्द ‘तन्’, म्हणजे ताणणे, या एकाच धातूचे आहेत, हे मला इथे फार अर्थपूर्ण वाटतं.

कारण उपायही ताणाचाच आहे. प्रयोगशाळेत पोलरायझेशन कंट्रोलर असतो: एका ओळीत तीन पॅडल, प्रत्येकावर फायबरची वेटोळी. वेटोळ्यांमुळे काचेत मुद्दाम ताण येतो. पहिलं आणि तिसरं पॅडल एका कंपनाला दुसऱ्याच्या मागे पाव तरंगलांबीनं टाकतं, मधलं अर्ध्यानं. एकाच दिशेचं कंपन पुढे सोडणाऱ्या पोलरायझरमागच्या पॉवर मीटरवर नजर ठेवून एकेक पॅडल हलकेच कलवत जायचं. हवं ते ध्रुवण मिळालं की हात काढायचा, आणि पुढची फायबर टेबलाला चिकटपट्टीनं पक्की करायची. ती नुसती हलली तरी आकडा बदलतो. तिन्ही पॅडल उभी केली की कान टवकारल्यासारखी दिसतात, म्हणून इंग्रजीत त्यांना वटवाघळाचे कान असंही म्हणतात.

ध्रुवण टिकवणारी फायबरही असते. तिच्यात गाभ्याच्या दोन बाजूंना वेगळ्या काचेच्या दोन कांड्या असतात. फायबर निवताना त्या जास्त आकसतात आणि गाभ्यावर कायमचा ताण ठेवतात. तिचं नाव पांडा. ते इंग्रजी शब्दांच्या अक्षरांवरून जुळवलेलं आहे. पण कापलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की खरोखर पांडाचा चेहराच दिसतो. मात्र कंपनाची दिशा त्या दोन कांड्यांच्या रेषेत किंवा तिला काटकोनात ठेवून प्रकाश सोडला, तरच ध्रुवण टिकतं. फिरणं मोजणाऱ्या फायबर जायरोस्कोपमध्ये बहुधा अशीच फायबर वापरतात.

प्रकाशाच्या पोलरायझेशनला काही जण ‘ध्रुवीकरण’ही म्हणतात. पण राजकारणाच्या बातम्यांतलं ‘ध्रुवीकरण’ म्हणजे समाजाचे दोन टोकांना गेलेले गट. प्रकाशात अशी टोकं नसतात. म्हणून मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांना विनंती आहे: प्रकाशासाठी ‘ध्रुवण’च वापरा, ‘ध्रुवीकरण’ राजकारणाला राहू द्या.