पाय सुटला, लक्ष सुटू नये

मोटारीचा वेग आपोआप राखणारे यंत्र एका अंध माणसाच्या डोक्यातून निघाले, हे सांगून पटणार नाही. अमेरिकेतले अभियंते राल्फ टीटर यांची दृष्टी लहानपणीच अपघातात गेली होती. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमीजास्त होई आणि शेजारी बसलेल्या टीटरना हिसके बसत. त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ पासून क्रायस्लरच्या मोटारींत 'क्रूझ कंट्रोल' बसू लागले. मात्र हे यंत्रही आंधळेच होते. पुढे काय आहे, याची त्याला गंधवार्ता नसे.

त्याला डोळे फुटायला आणखी चार दशके लागली. १९९५ मध्ये मित्सुबिशीच्या डायमंट गाडीत लेसरने पुढचे अंतर मोजले जाऊ लागले. पण ती वेग कमी करी, ब्रेक लावत नसे. काही वर्षांतच मर्सिडीझने रडार बसवले आणि ब्रेकही यंत्राच्या हाती आला. हेच 'अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल'. आपल्याकडे ते आधी महागड्या गाड्यांतच दिसे. २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली आणि ही सोय डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगपर्यंत पोचली.

या यंत्राचे गुणदोष पाहायला आमच्या ठाणे जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नागपूरहून ७०१ किलोमीटर आलेली गाडी भिवंडी तालुक्यात आमण्याला उतरते आणि थोड्याच वेळात माजिवड्याच्या किंवा शिळफाट्याच्या गर्दीत शिरते.

ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे तर ५५ मीटर मोकळे हवेत. समृद्धीवर ते मिळतात. शिळफाट्यावर वेग कमी, पण एका गाडीपुरती जागा दिसली की तिथे रिक्षा घुसलीच! यंत्र बिचारे पुन्हा मागे सरते, मागचा हॉर्न वाजवतो. रस्त्यावरचे पट्टे पुसलेले, पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल. इशारे इतके वाजतात की 'लांडगा आला रे' व्हावे. मग चालक सगळेच बंद करून टाकतो.

मला मात्र या आवाजापेक्षा यंत्राच्या गप्प राहण्याची भीती वाटते. पूल, कमानी, पाट्या यांवरूनही रडारचे तरंग परततात. प्रत्येक वेळी ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंकडे काही प्रमाणात दुर्लक्ष करण्याची शिकवण यंत्राला दिलेली असते. त्यामुळे वेगात असताना पुढे बंद पडलेला ट्रक उभा असेल, तर तो ओळखला जाईलच अशी खात्री नाही. गाडीबरोबरच्या पुस्तिकांत ही सूचना छापलेली असते. ती वाचतो कोण?

या बाबतीत आपल्या लोकलकडून शिकण्यासारखे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. लोकलच्या मोटरमनला हँडल दाबून धरावे लागते. हात सुटला की ब्रेक लागतात. पुढे सिग्नलची सूचना देणारी यंत्रणा आली. तिचा इशारा मिळाल्यावर मोटरमनने काही सेकंदांत बटण दाबून पोच द्यायची, नाहीतर गाडी थांबते. रुळांवर मध्ये कोणी घुसत नाही, तरीही रेल्वेने माणसाच्या जागेपणाची परीक्षा सोडली नाही.

मोटारीतले हे यंत्र पायाला विश्रांती देते. दिवसभराच्या प्रवासात ती मोलाची आहे. पण पाय मोकळा झाला की मनही मोकळे सुटते, आणि उभा ट्रक नेमका तेव्हाच समोर येतो. म्हणून ही सोय समृद्धीवर जरूर वापरावी, पण नजर रस्त्यावर आणि पाय ब्रेकजवळ ठेवून. आमण्याला उतरलात की ती बंद करावी. त्यापुढचा रस्ता आपल्यालाच चालवायचा आहे.